आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी मुलाची हमी : बडोद्यातील एक प्रकरण

मार्च २०२४ मध्ये एक निवृत्त दांपत्य माझ्या रावपुऱ्यातील कार्यालयात आले. काका सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. काकू सहासष्ट वर्षांच्या. मुलगा न्यू जर्सीत राहतो, तो अमेरिकेचा नागरिक आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याने दोघांसाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला बोलावण्याचे अर्ज भरले होते. ते मंजूर होऊन प्रकरण अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेले होते, आणि तेथून आलेल्या संदेशाची छापील प्रत काकांच्या हातात होती. मुलाचे उत्पन्न आवश्यक मर्यादेपेक्षा कमी दिसते, अन्य कोणी सहप्रायोजक, म्हणजे बोलावणाऱ्या प्रायोजकाच्या जोडीने हमी देणारा, देता येईल का ते पाहावे, असा त्या संदेशाचा आशय होता. काकांना तो समजत नव्हता असे नाही; त्यांना तो पटत नव्हता. ज्याचे स्वतःचे दुकान आहे, ज्याच्या घरी दोन मोटारी आहेत, त्याचे उत्पन्न कमी कसे, हा त्यांचा प्रश्न होता.

मी सनदी लेखापाल आहे, अमेरिकेचा वकील नाही. या प्रकरणात माझे काम इकडची मालमत्ता, ठेवी आणि त्यांचे दाखले इतकेच होते, आणि कायद्याच्या प्रश्नांसाठी मुलाने तिकडे वकिलाचा सल्ला घेतला. तरीही बडोद्यातील मराठी घरांमधून असे कागद वारंवार समोर येतात, म्हणून नावे वगळून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे.

मुलाने जो कागद भरला होता त्याचे नाव आय-८६४, म्हणजे आधाराचे प्रतिज्ञापत्र. अमेरिकेत १९९६ साली झालेल्या कायद्याने त्याला कराराचे स्वरूप दिले आणि डिसेंबर १९९७ पासून तो लागू आहे. त्यापूर्वीची प्रतिज्ञापत्रे बव्हंशी नैतिक आश्वासनासारखी होती. आताचे पत्र न्यायालयात बजावता येते. बोलावणाऱ्याने सही करून असे मान्य करायचे असते की येणाऱ्या नातेवाइकाला तेथील दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के पातळीपर्यंत आधार देण्याची जबाबदारी माझी राहील. दारिद्र्यरेषेचे आकडे तेथील आरोग्य खाते दरवर्षी जानेवारीत जाहीर करते आणि ते कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे वाढतात. २०२४ साली अलास्का आणि हवाई सोडून इतर राज्यांत एका माणसासाठी हा आकडा १५,०६० डॉलर होता आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे ५,३८० डॉलर वाढत होते.

मुलाच्या फॉर्ममधली पहिली चूक याच मोजणीत होती. त्याने वडिलांच्या फॉर्ममध्ये स्वतः, पत्नी, दोन मुले आणि वडील अशी पाच माणसे लिहिली, आणि आईच्या फॉर्ममध्ये वडिलांच्या जागी आई लिहून पुन्हा पाच. नागरिकाच्या आई-वडिलांचे अर्ज स्वतंत्र असतात, एकाच्या अर्जावर दुसऱ्याला सोबत नेता येत नाही, म्हणून प्रत्येक फॉर्म वेगळा भरावा लागतो हे त्याचे म्हणणे बरोबरच होते. पण जबाबदारी तर तो दोघांचीही घेत होता. ज्याच्यासाठी अशी हमी आधी दिली आहे आणि जी अजून चालू आहे, तो माणूसही कुटुंबसंख्येत धरावा लागतो. वडील आधी पोहोचले तर आईच्या फॉर्ममध्ये ते येणारच. म्हणून दोन्ही ठिकाणी सहा माणसे धरून चालणे हाच सुरक्षित मार्ग होता. सहा माणसांची दारिद्र्यरेषा ४१,९६० डॉलर, आणि तिचे १२५ टक्के म्हणजे ५२,४५० डॉलर.

दुसरी चूक अधिक मोठी होती, आणि काकांच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच होते. मुलगा पूर्वी नोकरी करत असे. दोन वर्षांपूर्वी त्याने छपाई आणि दुकानांच्या पाट्या करून देण्याचा व्यवसाय सुरू केला. फॉर्ममध्ये उत्पन्नाच्या जागी त्याने १,१२,००० डॉलर लिहिले. ती वर्षाची एकूण जमा होती. कागद, शाई, जागेचे भाडे, यंत्रांचा घसारा आणि एका मदतनिसाचा पगार वजा जाता त्याच्या २०२३ च्या विवरणपत्रातील शेड्यूल सी या व्यवसायाच्या हिशेबाच्या पुरवणीत निव्वळ नफा ३१,४०० डॉलर राहिला होता. व्यवसाय करणाऱ्यासाठी तोच आकडा चालतो. सून एका शाळेत अर्धवेळ काम करते, तिचे वर्षाचे वेतन १६,८०० डॉलर. दोघांचे मिळून विवरणपत्राच्या एकूण उत्पन्नाच्या ओळीवर, म्हणजे फॉर्म १०४० च्या नवव्या ओळीवर, ४८,२०० डॉलर होते. (काही जण येथे वजावटींनंतरची अकरावी ओळ उचलतात आणि स्वतःचा आकडा विनाकारण कमी करून घेतात.) ५२,४५० मधून ४८,२०० गेले की तूट राहते ४,२५० डॉलर.

हा हिशेब कागदावर मांडल्यावर काका बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. कर वाचवण्यासाठी खर्च दाखवणे आणि हमी देण्यासाठी उत्पन्न दाखवणे या दोन गोष्टी एकाच विवरणपत्रातून होतात, आणि एका वर्षाचे विवरणपत्र दोन तोंडांनी बोलू शकत नाही. मुलाला त्याच्या एका मित्राने सुचवले होते की सुधारित विवरणपत्र भरून काही खर्च काढून टाकावेत, म्हणजे नफा वाढलेला दिसेल. मी याला स्पष्ट विरोध केला. मूळ विवरणपत्रात चूक असती तर ते सुधारणे योग्यच झाले असते. पण ते खर्च खरे होते, पावत्यांसह होते, आणि व्हिसासाठी खरा हिशेब खोटा करणे हे आई-वडिलांना घेऊन जाण्याच्या पहिल्याच पायरीवर पाय घसरण्यासारखे होते. मुलानेही ते लगेच मान्य केले.

तूट भरून काढण्याचे मार्ग नियमांत दिलेले आहेत, आणि या घराने ते ज्या क्रमाने तपासले त्या क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट काकांचे निवृत्तिवेतन. ते दरमहा येते, काका न्यू जर्सीत गेले तरी येत राहील, मग ते का धरू नये? येणाऱ्या माणसाचे उत्पन्न धरण्यासाठी ते स्थलांतरानंतरही त्याच स्रोतातून चालू राहणे जसे आवश्यक आहे, तसेच तो माणूस प्रायोजकाच्या पत्नी किंवा पतीव्यतिरिक्त अन्य कोणी असल्यास आधीपासून प्रायोजकाच्या घरी राहत असणेही आवश्यक आहे. काका बडोद्यात राहत होते, म्हणून निवृत्तिवेतनाचा या हिशेबात काही उपयोग नव्हता.

नंतर सुनेचे वेतन. विवरणपत्र संयुक्त असल्यामुळे ते आपोआप धरले जाईल असे मुलाने गृहीत धरले होते. तसे होत नाही. पत्नीचे उत्पन्न वापरायचे असेल तर तिने आय-८६४ए या स्वतंत्र करारावर सही करावी लागते, आणि त्या सहीने सासू-सासऱ्यांच्या आधाराची कायदेशीर जबाबदारी तिच्यावरही येते. आपल्या घरांत सुनेची सही ही विचारण्याची गोष्ट मानली जात नाही. कागद पुढे केला की ती करते. मी काकांना विनंती केली की मुलाने तो करार तिला पूर्ण वाचू द्यावा, आणि घटस्फोटाने अशी जबाबदारी संपत नाही हेही तिला आधीच सांगावे. काकूंना हे बोलणे प्रथम अशुभ वाटले. पण सुनेने तो वाचला, वकिलाला दोन प्रश्न विचारले आणि मग सही केली. नंतर फोनवर ती सासूबाईंशी मोकळेपणाने बोलली, असे काकूंनीच मला सांगितले.

वर दिलेली ४,२५० डॉलरची तूट सुनेचे वेतन धरूनची आहे. ती मालमत्तेने भरता येते, पण जितकी तूट तितकी मालमत्ता पुरत नाही. नागरिकाच्या पती-पत्नीसाठी किंवा सज्ञान अपत्यासाठी तुटीच्या तिप्पट, आणि आई-वडिलांसह इतर बहुतेक नातेवाइकांसाठी पाचपट मालमत्ता दाखवावी लागते. म्हणजे २१,२५० डॉलर, त्या वेळच्या साधारण ८३ रुपये दराने १७ लाख ६४ हजार रुपये. ही मालमत्ता मुलाची असू शकते, करारावर सही करणाऱ्या घरातील माणसाची असू शकते, किंवा येणाऱ्या माणसाची स्वतःची. अट एवढीच की ती एका वर्षाच्या आत रोख रकमेत बदलता यावी आणि भारतात असेल तर बाहेर नेता यावी.

काकांनी त्या रात्री बसून यादी केली. पहिल्या ओळीवर घर होते. जुन्या शहरातील ते वडिलोपार्जित घर त्यांच्या मते सर्वांत भक्कम मालमत्ता, आणि माझ्या मते या कामासाठी सर्वांत कच्ची. त्यावर त्यांच्या दोन भावांचे वारसाहक्क अजून वेगळे झालेले नव्हते. शिवाय ते ज्या भागात आहे त्याला गुजरातचा १९९१ चा अशांत क्षेत्र कायदा, ज्याला बडोद्यात सगळे अशांतधारा म्हणतात, लागू आहे. तेथे घर विकण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. एका वर्षात विक्री होऊन पैसे हातात येतील असे मी त्या घराबद्दल लिहून देऊ शकत नव्हतो. आणि खरे सांगायचे तर ते घर या यादीतून निघाले याचे काकूंना बरेच वाटले, कारण ते विकण्याचा विचार दोघांच्याही मनात नव्हता.

दुसऱ्या ओळीवर भविष्य निर्वाह निधीचे पीपीएफ खाते होते. त्याला पंधरा वर्षांची मुदत असते आणि मध्येच बंद करण्याची मुभा मोजक्या कारणांसाठीच मिळते. त्या मुदतीची सहा वर्षे बाकी होती, म्हणून तेही वगळले. दागिन्यांचा विषय काकूंनी स्वतःच बाजूला ठेवला. उरल्या त्या काकांच्या दोन बँकांतील २६ लाखांच्या मुदत ठेवी आणि काकूंच्या नावाची ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील ९ लाखांची रक्कम. ठेवी मोडता येतात. बचत योजनेचे खातेही थोडी कपात सोसून मुदतीपूर्वी बंद करता येते. कपात सोसावी लागली तरी एका वर्षात रोख होण्याची अट दोन्ही पूर्ण करत होत्या.

याच सुमारास मुलाने आग्रह धरला की वडिलांनी १८ लाख रुपये भेट म्हणून त्याच्या खात्यात पाठवावेत, म्हणजे ती त्याचीच मालमत्ता दिसेल. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेप्रमाणे निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, त्यामुळे परवानगीची अडचण नव्हती. पण ऑक्टोबर २०२३ पासून अशा भेटीच्या रकमेवर सात लाखांच्या वर वीस टक्के कर बँक जागेवर गोळा करत होती. १८ लाखांवर तो २ लाख २० हजार झाला असता. तो पुढे विवरणपत्रात वळता करून घेता येतो, तरी तोपर्यंत निवृत्त माणसाचे इतके पैसे अडकून पडतात. आणि दुसरे कारण याहून महत्त्वाचे होते. बँकेचा दाखला देताना खाते केव्हा उघडले, गेल्या वर्षभरात किती जमा झाले आणि आज शिल्लक किती, हे सांगावे लागते. मुलाखतीपूर्वी काही आठवड्यांत एकदम आलेली रक्कम कोणत्याही अधिकाऱ्याच्या डोळ्यांत येतेच. नऊ-दहा वर्षे जिथे आहेत तिथेच त्या ठेवी अधिक विश्वासार्ह दिसणार होत्या. त्या तिथेच ठेवल्या.

काकूंच्या भावाने, म्हणजे मुलाच्या मामांनी, इलिनॉयमधून फोन करून सहप्रायोजक होण्याची तयारी दाखवली होती. काकांनी ती नम्रपणे नाकारली. बहिणीचा संसार भावाच्या सहीवर उभा राहू नये, असे ते म्हणाले. त्यांचे मन मला समजत होते आणि ठेवी पुरेशा दिसत असल्यामुळे मीही आग्रह केला नाही.

एप्रिलमध्ये दुरुस्त फॉर्म, करखात्याची ट्रान्स्क्रिप्ट (विवरणपत्राचा अधिकृत उतारा), सुनेचे वेतनाचे दाखले, तिचा करार, बँकांची पत्रे आणि माझे निव्वळ मालमत्तेचे प्रमाणपत्र व्हिसा सेंटरच्या संकेतस्थळावर चढवले. गुजरातीतील कागदांना इंग्रजी भाषांतर जोडले. काही दिवसांनी सर्व कागद पूर्ण असल्याची नोंद आली आणि घरात पेढे वाटले गेले. ही नोंद कागदांच्या पूर्ततेची असते. उत्पन्न पुरेसे आहे की नाही हे मुलाखत घेणारा अधिकारी ठरवतो. हे मी सांगितले होते, पण पेढ्यांच्या वेळी ते कोणाच्या लक्षात राहणार?

सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत झाली. संध्याकाळी काकांचा फोन आला. त्यांचा व्हिसा मंजूर झाला होता आणि काकूंना कलम २२१-जी खालील, म्हणजे पुरावा अपुरा म्हणून व्हिसा तूर्त न दिल्याचे, पत्र मिळाले होते. अर्जदार स्त्रीच्या स्वतःच्या मालमत्तेचा पुरावा अपुरा आहे, अधिक पुरावा किंवा सहप्रायोजक द्यावा, असे त्यात होते.

ही चूक माझी होती आणि ती कशी झाली हे सांगणे मला आवश्यक वाटते. आय-८६४ मध्ये येणाऱ्या माणसाची मालमत्ता म्हणून जी लिहायची ती त्या फॉर्ममधील मुख्य अर्जदाराची. वडिलांच्या फॉर्मला वडिलांच्या ठेवी, आईच्या फॉर्मला आईच्या. मी दोन्ही फॉर्मना एकच यादी जोडली होती, कारण काकांनी ठेवींबद्दल सांगताना ‘दोघांच्या नावावर आहेत’ असे म्हटले होते आणि पावत्यांवर काकूंचे नाव छापलेले मी स्वतः पाहिले होते. ते नाव नॉमिनी म्हणून होते. नॉमिनीला ठेवीदाराच्या मृत्यूनंतर बँकेकडून रक्कम स्वीकारण्याचा अधिकार असतो. ठेवीदार जिवंत असताना त्या पैशांवर तिचा कोणताही हक्क नसतो. हिशेबाच्या कामात तीस वर्षे घालवलेल्या माणसाने पावतीवरची ती ओळ वाचायला हवी होती. काकूंच्या स्वतःच्या नावावर ९ लाख होते आणि हवे होते १७ लाख ६४ हजार. अधिकाऱ्याचे म्हणणे पूर्णपणे नियमाला धरून होते.

आता ठेवींवर काकूंचे नाव जोडून नवा दाखला द्यावा का, असा प्रश्न आला. पत्र मिळाल्यानंतर चार दिवसांनी जोडलेले नाव काय सांगते हे कोणालाही कळेल, म्हणून मी तसे करू नये असे सुचवले. २२१-जी पत्रानंतर कागद देण्यास एक वर्षाची मुदत असते. घाईचे कारण नव्हते. राहिले मामा.

सहप्रायोजकाचा हिशेब वेगळा आणि पुष्कळदा सोपा असतो, आणि येथे तो फारच सोपा निघाला. सहप्रायोजकाला अर्जदाराशी नाते असावे लागत नाही. तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, अठरा वर्षांवरील आणि अमेरिकेत वास्तव्य असलेला असला म्हणजे झाले. मात्र त्याला आपल्या कुटुंबाच्या हिशेबाने मर्यादा एकट्याच्या बळावर पूर्ण करावी लागते. मुलाचे उत्पन्न त्यात मिळवता येत नाही. मामांची मुले कमावती होऊन वेगळी राहतात. मामा, मामी आणि ज्यांच्यासाठी सही करायची त्या काकू, अशी तीनच माणसे. तीन माणसांची मर्यादा ३२,२७५ डॉलर, आणि मामांचे वेतन ५८,००० डॉलरच्या पुढे होते. काकांसाठी त्यांनी सही करण्याचे कारणच उरले नव्हते, त्यामुळे चौथा माणूस मोजणीत येत नव्हता.

काकांची समजूत मात्र या आकड्यांनी पटली नाही. त्यासाठी एका संध्याकाळी मामा, मुलगा, सून आणि हे दोघे सर्वांना व्हिडिओ कॉलवर एकत्र घेऊन मी करारातील कलमे मराठीत वाचून दाखवली. मुलाची मूळ हमी कायम राहते. मामा त्याच्या जागी येत नाहीत, त्याच्या जोडीला येतात, आणि दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण वसुली होऊ शकते. काकूंनी उत्पन्नाच्या अटीवर मिळणारी सरकारी मदत घेतली, तर ती देणारे खाते सही करणाऱ्यांवर दावा लावू शकते. आधार न मिळाल्यास स्वतः काकूही त्यांच्यावर दावा लावू शकतात. हे ऐकून काकूंनी कानांवर हात ठेवले. पत्ता बदलला तर तीस दिवसांत आय-८६५ फॉर्मने कळवावे लागते आणि न कळवल्यास दंड आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ही हमी केव्हा संपते या प्रश्नावर. आलेला माणूस नागरिक झाला, तेथील सामाजिक सुरक्षेच्या हिशेबाने कामाच्या चाळीस तिमाह्या त्याच्या नावावर जमा झाल्या, त्याने ग्रीन कार्ड सोडून कायमचा देश सोडला, किंवा त्याचा मृत्यू झाला, तर ती संपते. सहासष्टाव्या वर्षी जाणाऱ्या काकू दहा वर्षे नोकरी करणार नाहीत. नागरिकत्व पाच वर्षांनी मागता येते, पण त्यासाठी इंग्रजीची परीक्षा आहे, आणि वयामुळे तिच्यातून मिळणाऱ्या सवलतींना आधी पंधरा-वीस वर्षे ग्रीन कार्डावर काढलेली असावी लागतात. काकूंचे सारे शिक्षण मराठी माध्यमात झालेले. म्हणून मामांना मी स्पष्ट सांगितले की तुम्ही सही करणार ती पाच वर्षांची समजू नका, बहिणीच्या आयुष्यभराची समजा. मामा म्हणाले, ‘तशीच समजून करतो आहे.’ काका काही बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी विरोधही केला नाही.

याच बैठकीत मी आजारपणाचा विषय काढला, कारण माझ्या मते उत्पन्नाच्या मर्यादेपेक्षा या घरासमोरचा खरा प्रश्न तो होता. नव्या ग्रीन कार्डधारकाला मेडिकेडसारख्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) केंद्रीय मदतयोजना साधारणतः पहिली पाच वर्षे मिळत नाहीत, आणि पासष्ट वर्षांवरील व्यक्तीला हप्ते भरून मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा घेण्यासाठीही पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते. म्हणजे काकांच्या बहात्तरपासून सत्त्याहत्तरपर्यंतच्या वर्षांचा विमा विकत घ्यायचा. मुलाने त्याच आठवड्यात हप्त्यांची चौकशी केली आणि ती रक्कम पाहून काकांनी २६ लाखांपैकी १० लाखांच्या ठेवी फक्त विम्यासाठी राखून ठेवण्याचे ठरवले. फॉर्ममध्ये याबद्दल एकही रकाना नाही.

ऑक्टोबरअखेर मामांचा आय-८६४, त्यांची ट्रान्स्क्रिप्ट आणि ग्रीन कार्डाची प्रत दूतावासाकडे गेली. नोव्हेंबरमध्ये काकूंचा पासपोर्ट व्हिसा लागून परत आला. काकांचा व्हिसा त्याआधीच आला होता आणि त्याच्या मुदतीत त्यांना एकट्याला केव्हाही जाता आले असते. ते थांबून राहिले होते.

निघण्यापूर्वीची कामे थोडक्यात उरकली. तेथे स्थायिक झाल्यावर दोघेही भारताच्या परकीय चलन कायद्याने अनिवासी ठरतील, म्हणून खाती एनआरओ या अनिवासी भारतीयांच्या खात्यांच्या प्रकारात बदलून घेण्याचे अर्ज तयार ठेवले. आणि भारतातील सर्व खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात केव्हाही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर अमेरिकेत एफबार हे परदेशी खात्यांचे विवरण दरवर्षी भरावे लागते, याची चिठ्ठी मुलाच्या फायलीत लावली. शेवटच्या आठवड्यात काका दोन्ही बँकांत जाऊन आले. येताना ते माझ्याकडे थांबले आणि नव्या पावत्या टेबलावर ठेवल्या. त्यांवर काकूंचे नाव संयुक्त ठेवीदार म्हणून छापलेले होते.